चार कोपऱ्यांचं टेबल

टेबलाचे चारही कोपरे मथुराबाईंच्या हट्टापायी तसे धारदार राहिले होते, आणि ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती. एक त्या स्वतः. दुसरे त्यांचे मालक हिंदुराव सुतार, आणि त्यांची तर गेल्या दिवाळीत अर्धांगवायूनं उजवी बाजूही गेली आणि वाचाही गेली. म्हणजे सांगणारं कोणी उरलं नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी पलीकडच्या बोळातल्या एका हातमागाच्या कारखान्याला टाळं लागलं, तेव्हा तिथली जुनी सागवानी लाकडं हिंदुरावांनी घरी आणली. चार रुंद फळ्या एकीला एक जोडून पाच फूट लांब, तीन फूट रुंद टेबल केलं. लोकांच्या घरचं टेबल झालं की शेवटी ते न चुकता कोपऱ्यांवर कानस घेऊन बसायचे. "लेकराबाळाचं घर हाय, टोक न्हाय ठेवायचं," असं म्हणत कोपरा असा गोल मारायचे की हातात लिंबू धरल्यासारखं वाटावं. घरच्या टेबलालाही त्यांनी कानस लावली, तर मथुराबाईंनी ती हातातनं काढून घेतली.

"ऱ्हाऊ द्या की असंच! काटकोनाचा गुण्या लावला तर मधनं केस जाणार न्हाय. आल्यागेल्याला दिसू दे, कुणाच्या हातचं काम हाय ते."

"अगं, लागंल कुणाला तरी."

"मानसाला डोळं असत्यात की. बघून चालावं."

हिंदुराव हसले आणि कानस खुंटीला लावली. बायकोपुढं त्यांचं कधी चाललं होतं म्हणून त्या दिवशी चालणार? पुढं घरी येणारं माणूस त्या कोपऱ्यावरनं बोट फिरवायचं, "वा सुतारमामा" म्हणायचं, आणि चहाचा कप ठेवणाऱ्या मथुराबाईंची मान दोन बोटं वर जायची.

गेल्या महिन्यात त्याच कोपऱ्यावर त्यांची नात पडली.

सृष्टी सहा वर्षांची. तिसऱ्या वर्षापासून तिला फिट यायची. आईवडील जुळे सोलापुरात फ्लॅटमध्ये राहायचे, दोघंही नोकरीला, म्हणून पोरगी दिवसभर आज्जीकडं. अर्धांगवायू झाल्यापासून हिंदुरावांना खाली बसता येत नव्हतं. ते टेबलाशी खुर्चीवर बसून डाव्या हातानं जेवायचे आणि समोर सृष्टी. हातातनं घास निसटला की तीच त्यांच्या ताटात परत ठेवायची, ओठाच्या कडेची आमटी पुसायची, आणि मोठ्या बाईसारखी रागवायची, "आजोबा, नीट जेवा, नाहीतर आज्जी येईल." मथुराबाईंनी भरवलं की म्हातारा तोंड फिरवायचा. पोरीनं डोळे वटारले की अख्खी भाकरी खायचा.

त्या दिवशी मथुराबाई लोणचं आणायला म्हणून आत वळल्या, तेवढ्यात पोरगी खुर्चीवरनं उतरली आणि तिथंच आकडी आली. भुवईवर सात टाके पडले. डोळा बोटभर अंतरानं वाचला.

दुसऱ्या दिवशी सून वैजयंती पोरीचे कपडे न्यायला आली. तशी ती गरीब गाय नव्हतीच, पण सासूपुढं कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला.

"आत्या, मामांनी आयुष्यभर लोकांच्या घरी टेबलं केली. आणि स्वतःच्या घरात एक कोपरा गोल करता आला नाही त्यांना?"

हिंदुराव खाटेवर होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि बायकोकडं बघितलं. नुसतं बघितलं. मथुराबाई, ज्यांच्या जिभेला अख्खी पेठ बिचकून असायची, त्यांनी खाली मान घातली आणि झाडलेलीच जमीन पुन्हा झाडायला घेतली.

मग महिनाभर पोरगी आली नाही. हिंदुराव अर्ध्या भाकरीवर आले, मग चतकोरावर. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे.

शनिवारी सकाळी मुलाचा, इंद्रजीतचा फोन आला. वैजयंती उद्या पोरीला घेऊन माहेरी, मंगळवेढ्याला निघालीय. पोरीला तिथल्याच शाळेत घालायचं ठरलंय, वैजयंतीच्या आईकडं राहील.

"कायमची?"

"तसंच समज. जाताना दहाला घरी येतील, आबांना भेटायला."

"आन तू काय करतोस? बांगड्या भरल्यास?"

"आई, तुमच्या दोघींच्या मधे मला घालू नको," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

मथुराबाई बराच वेळ टेबलाकडं बघत उभ्या राहिल्या. टेबल विकून टाकलं असतं तर? पण मग हिंदुराव आणि पोरगी बसणार कुठं? आणि वैजयंतीला दिसणार काय, रिकामी जागा? तिला दिसायला हवं होतं की या घरात आता टोक म्हणून उरलेलं नाही. नुसते कोपरे घासून भागणार नव्हतं. टेबल लांबट गोल करायचं, अंड्यासारखं. असं की कुठूनही पडलं तरी अंग घसरून जावं.

त्या दिवशी अवस होती. सुताराच्या घरात अवसेला हत्याराला हात लावत नाहीत. करवत, रंधा, पटाशी, सगळं पुसून, हळदकुंकू लावून बाजूला ठेवतात. मथुराबाईंनीच सकाळी कुंकू लावलं होतं. तेच कुंकू पदरानं पुसून त्यांनी करवत उचलली. खाटेवरच्या हिंदुरावांनी डोळे मिटून घेतले.

"मिटा डोळं," त्या म्हणाल्या. "देवाला काय सांगायचं ते मी सांगीन."

शेजारचे शिवलिंगप्पा, जन्मभर मागावर चादरी विणून आता घरी बसलेले, आवाज ऐकून आले. दोघांनी मिळून टेबलाची फळी पायांवरनं सोडवली आणि खाटेलगतच्या उघड्या शेडमध्ये दोन स्टुलांवर ठेवली. पायांची जागा कडेपासून वीतभर आत होती, त्यामुळे गोल कापल्यावरही फळी पायांवर परत बसणार होती.

"अक्का, रिक्षात घालू. मशीनवाला दहा मिन्टात कापून देतो की."

"ह्यांचं टेबल आन दुसऱ्याच्या मशीनखाली? जीभ झडंल तुमची."

"बरं बरं. मग तुमाला येतंय का?"

"चाळीस वर्सं मी काय भजन करत बसले व्हते का हितं? प्रत्येक फळीचं दुसरं टोक कुणी धरलं?"

हे मात्र खरं होतं. मथुराबाई दुसरी नापास. पण हिंदुरावांनी जन्मभरात जेवढे गोल आणि लांबट गोल काढले, त्या प्रत्येकाच्या दोरीचं टोक मथुराबाईंच्या हातात होतं.

खिळ्यांची भोकं वरून दिसायला नकोत म्हणून फळी पालथी घातली. अशा वेळीही बाईला तेवढं सुचलं. जुन्या साडीची पट्टी दुमडून चारी बाजूंचे मध्य काढले, एक उभी रेघ मारली, एक आडवी. मग टेबलाच्या लांबीच्या बरोब्बर निम्मी अशी काठी तोडली. काठीचं एक टोक लांब बाजूच्या मध्यावर धरलं आणि दुसरं फिरवत नेलं. मधल्या लांब रेघेवर ते जिथं टेकलं तिथं खिळा. तसंच दुसऱ्या अंगाला फिरवून दुसरा खिळा. आता दोन खिळ्यांच्या मधे अख्ख्या टेबलाच्या लांबीएवढी दोरी बांधायची, तिच्यात पेन्सिल अडकवायची, आणि दोरी ताठ ठेवत पेन्सिल फिरवत न्यायची. हात आपोआप लांबट गोल काढतो.

हिंदुरावांची नेहमीची दोरी पावसाळ्यात उंदरांनी खाल्ली होती. शिवलिंगप्पांनी घरातनं चादरीच्या सुताची जाडसर दोरी आणून दिली. छान पांढरी, पीळदार.

दोरी बघितल्याबरोबर खाटेवरनं आवाज आला. "अं. अं." हिंदुराव डाव्या हातानं माठाकडं दाखवत होते.

मथुराबाईंनी तांब्या भरून तोंडाला लावला. त्यांनी तोंड फिरवलं. त्या पुन्हा दोरीकडं वळल्या तर पुन्हा "अं, अं", पुन्हा माठ. पुन्हा पाणी दिलं. पाणी गळ्यावरनं बनियनवर सांडलं. तिसऱ्यांदा त्यांनी तांब्याच ढकलून दिला.

"प्यायचं न्हाय तर मागायचं कशाला?" मथुराबाई ओरडल्या. "माजा जीव हितं टांगणीला लागलाय आन तुमाला खेळ सुचतोय!"

हिंदुरावांनी हात खाली टाकला.

दोरी ताणून त्यांनी पहिली अर्धी रेघ मारली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, नदीच्या वळणासारखी सुंदर. खरं तर कापायच्या आधी अख्खी रेघ मारून घ्यायची असते. पण फळीची दुसरी बाजू भिंतीला लागून होती, फिरवायला दोघं लागणार, आणि शिवलिंगप्पा जेवायला गेलेले. थांबायला मथुराबाईंना वेळ नव्हता, आणि थांबणं त्यांच्या स्वभावातही नव्हतं. त्यांनी मोठी करवत कोपऱ्याला लावली.

ज्या कोपऱ्यावर पोरगी पडली होती तोच आधी घेतला. जुनं सागवान, लोखंडासारखं वाळलेलं. दहा हात मारले की करवत अडकायची, मग मेण लावायचं, पुन्हा दहा हात. पलीकडच्या बोळात माग खडखडत होते आणि त्या खडखडाटाच्या तालावर त्यांचा हात चालत होता. उजवा खांदा पेटला तसा त्यांनी डावा हात घेतला, डाव्यानं जमेना तेव्हा पुन्हा उजवा. शेवटी कोपरा सुटला आणि पायाशी पडला. तीन धारा, एक टोक. त्यांनी तो सरपणात फेकला, मग काय वाटलं कोण जाणे, उचलून कोनाड्यात ठेवला.

मोठ्या करवतीनं रेघेच्या बाहेरनं आधी सरळ सरळ तुकडे उडवायचे, मग बारीक पात्याच्या करवतीनं रेघेपाशी यायचं, मग कानस. दिवेलागणीपर्यंत अर्धं झालं. शिवलिंगप्पांनी त्या अर्ध्या गोलावरनं हात फिरवला आणि पसंतीची मान हलवली. मथुराबाईंना कितीतरी दिवसांनी वाटलं, जमतंय.

रविवारी उजाडता उजाडता दोघांनी फळी फिरवली. मथुराबाईंनी पेन्सिल लावली आणि चार बोटं पुढं नेली, तर पेन्सिल फळीच्या बाहेर चालली. त्यांनी दोरी सोडली, पुन्हा धरली. पुन्हा बाहेर.

"काल तर बरोबर व्हती," त्या पुटपुटल्या.

"गाठ सैल झाली असंल," शिवलिंगप्पा म्हणाले.

अंदाजानं गाठ आखडली. रेघ आत आली. जीव भांड्यात पडला. पण रेघ पुढं जाईल तशी हाताला दोरी जड लागत होती, त्या ताणत होत्या, आणि ताणावं तितकी दोरी वाढत होती. शेवटच्या टोकाशी रेघ पुन्हा बाहेर गेली की काय, हे बघायला त्या वाकल्या नाहीत. सात वाजले होते. बघितलं असतं तर थांबावं लागलं असतं. त्यांनी करवत लावली.

सव्वानऊला शेवटचा तुकडा पडला आणि मग ते दिसलंच. एका टोकाशी काल कापलेली कड आणि आज कापलेली कड एकमेकींना भेटलीच नव्हती. मधे तीन बोटं सपाट राहिलं होतं आणि तिथं एक खांदा निघाला होता, माणसाच्या वाकलेल्या बोटाच्या पेरासारखा. तेही कुठल्या टोकाला, तर पोरगी बसायची त्याच टोकाला.

मथुराबाई खाली भुश्शात बसल्या.

"अं," हिंदुराव म्हणाले. खिळ्यावरनं सुटून लोंबणारी दोरी त्यांच्या खाटेपर्यंत आली होती. डाव्या हातानं ती त्यांनी ओढून घेतली, उशाच्या तांब्यात बुडवली, एक टोक दातात धरलं आणि दुसरं खाली खाली ओढलं. पाणी टपटपलं. ते बायकोकडं बघत होते.

मथुराबाईंना चिंचेची फांदी आठवली. नवी दोरी आणली की हिंदुराव ती रात्रभर पाण्यात ठेवायचे आणि सकाळी फांदीला टांगून खाली दगड बांधायचे. वाळेपर्यंत दगड लटकत राहायचा. चाळीस वर्षं त्या दगडाला वळसा घालून मथुराबाई धुणं वाळत घालत आल्या. दगड कशाला, हे त्यांनी कधी विचारलं नाही. दोरीतला ताण आधीच काढून टाकायला.

"तुमी दोरीसाठी पाणी मागत व्हता," त्या म्हणाल्या.

हिंदुरावांच्या डोळ्यांतनं पाणी आलं. का, ते त्यांनाच माहीत.

"अक्का, उठा, कानस घ्या," शिवलिंगप्पा म्हणाले. "अजून अर्धा तास हाय."

दोघांनी फळी पायांवर चढवली आणि मथुराबाईंनी टेबलाच्या त्या खांद्यावर कानस धरली. लाकडाच्या रेषांना आडवं कापलेलं जुनं सागवान, वीस हात मारावेत तेव्हा चिमूटभर भुसा. हाताला फोड आला, फुटला. अर्धा खांदाही उतरला नव्हता आणि दारात रिक्षा थांबली. दहाच्या ऐवजी पावणेदहालाच.

सृष्टी आधी आत पळत आली. भुवईवर गुलाबी वण. "आजोबा!" ती खाटेवर चढली, मग टेबल बघितलं आणि थबकली.

"हे टेबल असं कसं झालं?"

"तुझ्यासाठी केलं, माजे आई," मथुराबाई म्हणाल्या.

पोरगी कडेवर तळहात ठेवून टेबलाभोवती फिरू लागली. मथुराबाई तिच्या हाताकडं बघत होत्या. हात लांब बाजूनं आला, वळला, टोकाशी पोचला आणि थांबला.

"आज्जी, इथं टोचतंय."

वैजयंती दारातच उभी होती, हातात बॅग. तिनं सगळं बघितलं असणार, भुसा, सासूच्या हाताचं रक्त, तो खांदा. पण महिनाभराचा राग होता.

"काय उपयोग आत्या आता? अकरा वर्षं मामांना सुचलं नाही ते आज तुम्हाला सुचलं."

हिंदुरावांनी मान भिंतीकडं वळवली.

मथुराबाई उठल्या. कोनाड्यातला कोपरा त्यांनी घेतला आणि टेबलावर सुनेच्या पुढ्यात ठेवला.

"त्यांना सुचलं व्हतं," त्या म्हणाल्या. "कानस लावली व्हती त्यांनी. मी काढून घेतली हातातनं. लोकांनी बघावं म्हणून. लागंल कुणाला, म्हनले ते. मी म्हनले, मानसानं बघून चालावं."

शिवलिंगप्पा हळूच बाहेर गेले.

"म्हणजे मी मामांना बोलले तेव्हा तुम्ही इथंच होता."

"व्हय."

"आणि एक शब्द बोलला नाही."

"न्हाय बोलले."

वैजयंतीनं तो कोपरा उचलून भिरकावला असता तर मथुराबाईंना बरं वाटलं असतं. पण तिनं बॅग खाली ठेवली, खाटेपाशी गेली आणि हिंदुरावांच्या पायावर डोकं ठेवलं. "मामा, चुकलं माझं." सासूकडं तिनं वळून बघितलं नाही.

"दोन घास खाऊन जाऊ दे पोरीला," मथुराबाई म्हणाल्या. जन्मात त्यांनी कुणाकडं काही मागितलं नव्हतं. मागताना आवाज कसा ठेवायचा हेही त्यांना ठाऊक नव्हतं. "त्यांच्यासंगं. एकदाच."

वैजयंतीनं घड्याळ बघितलं. "साडेदहाची गाडी आहे."

पण थांबली. हिंदुरावांना खुर्चीवर बसवलं, समोर सृष्टी बसली. भाकरी, आमटी, लसणाची चटणी. वैजयंती पोरीच्या बाजूला उभी राहिली आणि टेबलाच्या त्या खांद्यावर आपला तळहात पालथा दाबून धरला, पोरीचं जेवण होईपर्यंत. तीन बोटांचा तो सपाट तुकडा तिच्या हाताखाली पुरा झाकला गेला.

"आजोबा, नीट जेवा," सृष्टी म्हणाली, "नाहीतर आज्जी येईल."

हिंदुरावांनी अख्खी भाकरी खाल्ली.

निघताना वैजयंती उंबऱ्यावर थांबली. "पोरगी या घरात आता येणार नाही आत्या. मामांना तिला बघायचं असेल तर तुम्ही त्यांना घेऊन या मंगळवेढ्याला. माझी आई नाही म्हणणार नाही."

सहा वर्षांची नात झाली, पण त्या घराची पायरी मथुराबाई इंद्रजीतच्या लग्नानंतर एकदाही चढल्या नव्हत्या. लग्नात विहिणीनं मानाची साडी दिली ती उतरलेल्या रंगाची होती, आणि मथुराबाईंनी भर मांडवात शपथ घेतली होती. त्या शपथेची आठवण आता त्यांच्या तोंडाशी आली. शिवाय विहिणीच्या घरात तरी टोकं नाहीत काय, हेही आलं. दोन्ही त्यांनी गिळलं.

"कधी येऊ?" त्यांनी विचारलं.

"बघा तुम्ही," वैजयंती म्हणाली. रिक्षा गेली.

मथुराबाईंनी ताटं उचलली. टेबल पुसलं. मग उरलेल्या खांद्याला कानस लावली, आणि थोड्या वेळानं मधेच काढली. पिशवी घेतली, तिच्यात हिंदुरावांचे दोन बनियन टाकले, गोळ्यांची पुडी टाकली, आणि वर कानस ठेवली.

शिवलिंगप्पा दारात आले. "पुढच्या रविवारी मंगळवेढ्याची यष्टी किती वाजता हाय ते विचारून या," मथुराबाई म्हणाल्या. "आन यांना चढवायला तुमीबी लागाल."

"येतो की. पन कानस कशाला, अक्का?"

"त्यांच्याकडं दिवाण हाय सागवानी. सुपारी फोडायला गेले व्हते तवा बघितलाय मी. चारी कोपरे तसंच हायती त्याला."

"अं," हिंदुराव म्हणाले. डावा हात माठाकडं.

मथुराबाईंनी भुश्शातली दोरी उचलून त्यांच्यापुढं धरली. त्यांनी मान हलवली. नाही. तांब्या धरला, तेव्हा त्यांनी तोंड पुढं केलं आणि घटाघटा पाणी प्याले.